दस्तुरी नाक्याच्या पुढचा रस्ता

नेरळहून निघालेली टॅक्सी घाट चढून दस्तुरी नाक्याला येते आणि तिथे तिचं काम संपतं. गाडी कितीही महागाची असो, ती इथल्या वाहनतळावर लावायची, नगरपरिषदेचा प्रवासी कर भरून पावती घ्यायची आणि पुढे गावात जायचं ते पायी, घोड्यावर, माणसांनी ओढलेल्या रिक्षात, ई-रिक्षात किंवा जवळच्याच अमन लॉज स्टेशनवरून सुटणाऱ्या छोट्या गाडीने. बाजारपेठ इथून अडीच-तीन किलोमीटरवर. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांची वेस केव्हाच गेली. माथेरानची अजून शाबूत आहे.

वेशीपासून बाजारापर्यंतचा हा जो रस्ता आहे, त्याच्यावर गेल्या काही वर्षांत जेवढी कोर्टबाजी झाली तेवढी एखाद्या द्रुतगती महामार्गावर झाली नसेल. लाल मातीचा ठेवायचा की पेव्हर ब्लॉक घालायचे, ब्लॉक घातले तर मातीचे की सिमेंटचे, त्यावर घोडे चालणार की ई-रिक्षा, हे सगळं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. तीन किलोमीटरचा रस्ता, त्यावर मोटारीच नाहीत, मग भांडण कशाचं? पण गावात दोन दिवस राहिलं, सकाळी सहाला नाक्याकडे चालत गेलं, की भांडण कशाचं ते दिसू लागतं. गॅसचं सिलिंडर, सिमेंटची गोणी, दुधाचे कॅन, हॉटेलच्या चादरींची गाठोडी, शाळेची दप्तरं, डायलिसिसला कर्जत-पनवेलकडे निघालेला म्हातारा, सगळं याच रस्त्याने ये-जा करतं. पर्यटकाला हा रस्ता एकदा यायला आणि एकदा जायला लागतो. गावकऱ्याला रोज लागतो.

२०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती. एवढ्याशा वस्तीला सुट्टीच्या दिवसांत स्वतःहून कितीतरी मोठी गर्दी अंगावर घ्यावी लागते, आणि त्या गर्दीचं पहिलं पाऊल पडतं ते या रस्त्यावर.

इथे मोटार का नाही, याचं सरळ उत्तर असं की गाव वसलं तेव्हा मोटार नव्हती आणि मोटार आली तेव्हा गावाला तिची गरज नव्हती. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढला, त्याला जागा आवडली, पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टनने मन घातलं आणि मुंबईच्या साहेबांचे, मग पारशी-बोहरी शेठांचे बंगले उभे राहिले. वर यायचं ते घोड्यावर किंवा पालखीत. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली दोन फुटी रेल्वे नेरळहून वर आली आणि प्रश्न मिटला. बंगल्यांच्या वाटा, बाजाराची रुंदी, पॉइंटांकडे जाणाऱ्या पायवाटा, सगळं माणसाच्या आणि घोड्याच्या मापाने आखलेलं. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, तेव्हा जे रिवाजाने चालत आलं होतं ते कायद्यात बसलं. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब, एवढ्यांनाच काय ती मुभा.

हे वेगळेपण नीट कळायचं तर आधी इतर गावांच्या प्रवेशरस्त्यांकडे बघायला हवं. तालुक्याचं कुठलंही गाव घ्या. हद्द सुरू झाली की सिमेंटची कमान, तिच्यावर 'सहर्ष स्वागत', दोन्ही खांबांना फ्लेक्स. कमानीनंतर चौपदरी रस्ता, मधे दुभाजक, दुभाजकात बॉटल पाम नाहीतर टिकोमा, नक्षीचे दिव्याचे खांब, चौकात हायमास्ट आणि कारंजं. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी चालतं. याला सुशोभीकरण म्हणतात आणि त्यासाठी नगरोत्थान किंवा वैशिष्ट्यपूर्ण योजनेतून पैसे येतात. शोभा सगळी रस्त्याच्या मधोमध, आणि माणसं कडेला. कडेला काय असतं? फुटलेली साइडपट्टी, गटारावरचा उघडा चेंबर, तीस सेंटिमीटर उंचीचा स्लॅब ज्याला फूटपाथ म्हणायचं, आणि त्यावर मोटारसायकली. फूटपाथचा काठ पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-१०३ मध्ये २०१२ सालीच लिहून ठेवलंय. बांधकाम खात्याच्या कपाटात ते पुस्तक असतंच.

पाम तर मला कोडंच वाटतो. ज्या देशात मार्चपासून ऊन डोक्यावर येतं, तिथे सावली न देणारं झाड रस्त्याला लावायचं, तेही जिथे कोणी चालत नाही अशा जागी. सुरूरहून वाईकडे जाणाऱ्या रस्त्याला जे वड आहेत, ते लावणाऱ्याला सुशोभीकरण हा शब्द माहीत नसावा.

आणि वेग. रस्ता ओलांडणारी बाई साधारण सेकंदाला १.२ मीटर चालते, हा आराखडे काढणाऱ्यांचा नेहमीचा हिशेब. सात मीटरची एक बाजू ओलांडायला तिला सहा सेकंद लागतात. ताशी ६० ने येणारी गाडी सहा सेकंदांत शंभर मीटर कापते. म्हणजे गाडी शंभर मीटर लांब आहे हे तिला डोळ्यांनी अचूक कळलं पाहिजे, आणि हातात पोर असताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला की धडकलेला पादचारी मरण्याचा धोका साडेचार पटीने वाढतो. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ७० ची कमाल मर्यादा होती (ती अधिसूचना पुढे मद्रास उच्च न्यायालयाने रद्द ठरवली, तो भाग वेगळा). फ्रान्समध्ये किंवा जर्मनीत गावाच्या नावाची पाटी लागली की त्या पाटीबरोबर ताशी ५० ची मर्यादा आपोआप लागू होते, वेगळा आकडा लिहावा लागत नाही. तिथली वेशीवरची पाटी हा कायदा आहे. आपली कमान हा शुभेच्छांचा फलक.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. देशभरातल्या मृतांत साधारण पाचातला एक पायी चालणारा होता. मे २०२५ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने अडथळा नसलेला फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खाली, म्हणजे जगण्याच्याच हक्कात येतो, असं सांगितलं. योगायोग असा की २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बेकायदा फ्लेक्सबद्दलचा मोठा निकालही त्यांच्याच खंडपीठाचा, आणि ती जनहित याचिका साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनची होती. कमानीवरचे फ्लेक्स आणि कमानीखालचा फूटपाथ, दोन्हींसाठी कोर्टात जावं लागतं, यावरून आपल्या वेशींची अवस्था ओळखावी.

तर माथेरानला यातलं काहीच नाही. रस्त्याची अख्खी रुंदी चालणाऱ्याची. झाडांची छत्री वरून आयती, जांभूळ, हिरडा, अंजनी अशी मूळची डोंगरातली झाडं. दुपारी बाराला मे महिन्यात या रस्त्यावर चालता येतं, आणि मुंबई महानगराच्या इतक्या जवळ असे किती रस्ते उरलेत? इतर गावं ज्याच्यासाठी झगडतात ते इथे जन्मापासून मिळालेलं आहे. तरीही रस्ता चालणाऱ्याला सोपा नाही. मोटार हटवली की रस्ता आपोआप माणसाचा होतो, हा आपला शहरी समज माथेरान फार लवकर मोडून काढतं.

पहिली गोष्ट, ती सगळ्यांना आवडणारी लाल माती. फोटोत ती सुंदर दिसते यात शंका नाही. डोंगराच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे, तिचीच ही माती. कोरडी असताना पिठासारखी उडते. घोड्यांच्या टापांखाली ती आणखी बारीक होते, तिच्यात लीद मिसळते, आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत नाक्याजवळच्या झाडांची खालची पानं तांबूस झालेली असतात. दुकानदार दिवसातून कितीदा पाणी मारतात ते बघावं. दम्याच्या माणसाला विचारावं.

पावसात तीच माती वाहते. सह्याद्रीच्या या भागात पाऊस कोसळतो म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. रस्ता उताराचा, पाणी कडेच्या चरातून जायला हवं, पण चर पाल्याने आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी भरलेला. मग पाणी रस्त्याच्या मधूनच आपली वाट काढतं. पहिल्या आठवड्यात बोटभर चीर पडते, जुलैच्या अखेरीला तिच्यात पाय मुरगळेल एवढी घळ होते. माती गेली की खालचे जांभ्याचे दगड उघडे पडतात, झाडांची मुळं वर येतात. एका वळणावर मी बराच वेळ बसलो होतो. जांभळाचं एक मूळ रस्त्यात आडवं आलेलं, मनगटाएवढं जाड, वरची साल टापांनी आणि चाकांनी घासून गुळगुळीत. पर्यटकांच्या ट्रॉलीबॅगा तिथे अडखळत, चाकं उलटी होत. हमाली करणाऱ्या बायका मात्र डोक्यावर दोन-दोन बॅगा घेऊन, मान न हलवता, नेमका त्या मुळाच्या अलीकडे पाय टाकून वर जात होत्या. त्यांच्या पायांना तो रस्ता पाठ होता. सत्तरीतल्या बाईला किंवा काठी टेकत येणाऱ्याला तो पाठ असून उपयोग नाही.

मूळ उघडं पडणं ही नुसती चालण्याची अडचणही नाही. माती सुटत गेली की झाड हलतं, आणि झाड पडलं की सावली गेली. म्हणजे जे 'नैसर्गिक' म्हणून राखायचं, तेच रस्त्याची धूप न थांबवल्याने जातं. मातीचा रस्ता ठेवा म्हणणाऱ्यांतले बरेच जण हे विसरतात की मातीचा रस्ता राखणं हे डांबरी रस्ता राखण्यापेक्षा जास्त कष्टाचं काम आहे. दर पावसाळ्याआधी चर उपसायचे, उतारावर थोड्या-थोड्या अंतराने आडवे दगड बसवून पाणी बाजूला काढायचं, दिवाळीनंतर माती आणून भर घालायची, धुमस मारायची. ही कामं करणारी रोजंदारीवरची माणसं कमी झाली की मातीचा रस्ता रोमँटिक राहतो, रस्ता राहत नाही.

याला तोडगा म्हणून ब्लॉक आले. तेही आधी मातीचे, म्हणजे भट्टीत भाजलेले, विटेच्या जातीचे. रंग जुळतो, आणि सिमेंटपेक्षा या डोंगराला बरे, अशी त्यामागची कल्पना. कल्पना वाईट नव्हती. ब्लॉकचा रस्ता डांबरासारखा एकसंध नसतो. खाली दाबलेली खडी, त्यावर दोन-तीन बोटं वाळू, वाळूवर ब्लॉक, फटींमध्ये बारीक वाळू, आणि दोन्ही कडांना ब्लॉक पसरू नयेत म्हणून घट्ट काठ. फटींतून थोडं पाणी मुरतं. दुरुस्तीला चार ब्लॉक उचलायचे, खालचं ठीक करायचं, तेच परत बसवायचे. ब्रेकर लावून फोडाफोडी नाही, डांबर वितळवायच्या भट्ट्या नाहीत. वाहनं वर आणता येत नाहीत अशा गावाला ही मोठी सोय. पण यातला एक दुवा निसटला की सगळं बिघडतं. काठ सुटला की ब्लॉक पांगतात. खालची वाळू पाण्याने वाहून गेली की ब्लॉक डुगडुगतो, त्याच्यावर पाय पडला की फटीतून चिखलाची चूळ पायजम्यावर येते. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही वाचकाला याची चव माहीत आहे. सिमेंटच्या ब्लॉकसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. कुठल्या वर्दळीला किती जाडीचा ब्लॉक, हे त्यात ठरलेलं. मानक पाळणं आणि न पाळणं यातला फरक मात्र उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही, तो दोन पावसाळ्यांनी दिसतो.

घोडेवाल्यांचा विरोध इथून सुरू झाला. माथेरानमध्ये साडेचारशेच्या आसपास परवान्याचे घोडे आहेत आणि त्यांच्यावर जगणारी कुटुंबं गावात आणि खालच्या वाड्या-वस्त्यांत पसरलेली आहेत. घोड्याला लोखंडी नाल. मातीत नाल रुततो, पकड मिळते. ओल्या, शेवाळलेल्या ब्लॉकवर, तेही उतारावर, नाल सरकतो. घोडा घसरला तर स्वार पडतो, आणि शेजारून चालणाराही सापडतो. यामागे धंद्याचं राजकारण आहे असं म्हणणारे भेटतात, असेलही. पण पाचशे किलोच्या आसपासचं जनावर उतारावर पाय सोडतं तेव्हा राजकारण कोणाचं हे विचारायला सवड नसते. प्रश्न खरा होता.

कोकणातल्या माणसाला इथे पाखाडी आठवल्याशिवाय राहत नाही. घरापासून देवळापर्यंत, देवळापासून व्हाळापर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांच्या पाखाड्या किती पिढ्या चालल्या. चिरा खरखरीत, भोकं-भोकं असलेला, त्यामुळे ओला असतानाही पाय धरतो. शेवाळ धरतंच, पण पावसाळ्याच्या अखेरीला खरवडून काढायची रीत होती. उतार जास्त झाला की पायरी. चिरा झिजतो, टाप-चाकाखाली लवकर झिजतो, हे खरं. माथेरानच्या मुख्य रस्त्याला अख्ख्या लांबीभर तो पुरणार नाही. पण कडेच्या पट्टीला, पाणी वळवणाऱ्या आडव्या ओळींना, चराच्या भिंतींना चिरा का नको, याचं उत्तर मला कोणाकडून मिळालं नाही. जाळीत भरलेल्या दगडांच्या भिंती लोकांना पटतात कारण त्यांना 'गॅबियन' असं नाव आहे. गडगा म्हटलं की ते मागासलेलं.

आता त्या रिक्षा. दोन मोठी चाकं, वर छत, पुढे एक माणूस ओढायला, चढावर मागून दोघे ढकलायला. परवाने ९४. दीडशे किलोची रिक्षा आणि वर दोन सवाऱ्या, मातीत रुतणारी चाकं, पायात स्लीपर. या रस्त्यावर चालणाऱ्यांत सर्वात धोक्यात कोण असेल, तर हे तिघे. पादचारी सुरक्षेच्या सगळ्या चर्चेत त्यांना वाहन समजलं गेलं. उतारावर गाडी मागून रेटत असते तेव्हा ती थोपवायची ती टाचांनी. घळ चुकवायची असेल तर सवारीसकट वळवायची. फुप्फुसांचे, गुडघ्यांचे आजार त्यांच्यात ठरलेले. हे बंद करून ई-रिक्षा द्या, ही मागणी त्यांचीच होती, आणि तिला विरोध 'पर्यावरण' या शब्दाने झाला. १२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालवून बघायला परवानगी दिली; डिसेंबरात सात रिक्षा धावू लागल्या. शाळकरी पोरांना पाच रुपयांत नाक्यापासून शाळेपर्यंत जाता येऊ लागलं. ज्यांची पोरं रोज चालत होती, त्यांना या प्रयोगाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही.

६ ऑगस्ट २०२५ ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढणं अमानुष ठरवलं आणि हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करून त्यांच्या चालकांचं ई-रिक्षांवर पुनर्वसन करा असं सांगितलं. गुजरातमधल्या केवडियात ई-रिक्षांसाठी राबवलेला नमुना त्यासाठी समोर ठेवला. त्याच निकालात रस्त्याचा वादही निवाड्यापर्यंत आला. दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक चालतील; गावातल्या अंतर्गत रस्त्यांवर आणि पॉइंटांच्या पायवाटांवर नाहीत.

मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो, कारण त्याने सगळ्या डोंगराला एकच नियम लावला नाही. जी वाट रोजच्या जगण्याची आहे तिला टणक पाऊल, जी वाट हिंडण्याची आहे तिला माती. पर्यटकाला माती तुडवायची हौस असेल तर लुइझा पॉइंटकडे, शार्लोट तलावाकडे हवी तेवढी आहे. बाळंतिणीला खाली नेणाऱ्यांनी त्या हौसेची किंमत का मोजावी?

पण ब्लॉक आणि ई-रिक्षा एकदम आल्या की नवे प्रश्नही एकदम येतात, आणि तिथे मात्र कोर्टाचा कागद पुरत नाही. नियमाप्रमाणे ई-रिक्षाचा कमाल वेग ताशी २५. महामार्गावर हा वेग विनोद वाटतो, पण ताशी चारने चालणाऱ्या, पाठीमागे न बघणाऱ्या, दीडशे वर्षं मोटार न पाहिलेल्या रस्त्यावर तो थट्टेचा विषय नाही. शिवाय ई-रिक्षाला आवाज नाही. घोड्याच्या टापा ऐकू येतात, हातरिक्षावाला 'बाजू' म्हणून ओरडतो, ही मात्र मागून येऊन खेटते. जुन्या खडबडीत रस्त्यावर वेग आपोआप कमी राहायचा. गुळगुळीत ब्लॉक झाले की तो वाढणार. म्हणून यंत्रातच दहाला बांधून टाकलेला वेग हवा, आणि वळणांवर ब्लॉकची वीण बदलून चाकाला थरथर जाणवेल अशी पट्टी. शहरातल्या उंच गतिरोधकाची नक्कल इथे नको. त्यावर घोडाही अडखळेल आणि म्हातारीही.

घोड्यांसाठी रस्त्याच्या एका कडेला मातीची, निदान खडबडीत चिऱ्याची पट्टी सोडावी, म्हणजे उरलेल्या रुंदीत चालणारे आणि ई-रिक्षा. जिथे रस्ता अरुंद आहे तिथे हे जमणार नाही, हे कबूल. तिथे ई-रिक्षा थांबेल आणि बाकीचे आधी जातील असा साधा अग्रक्रम ठरवता येतो. झाडांच्या बुंध्यांभोवती ब्लॉक भिडवू नयेत, हे मात्र कुठल्याही रुंदीत जमण्यासारखं आहे. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच बुंध्याभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला लावलं होतं. इथे ते घालायच्या आधीच टाळता येईल.

अजून एक गोष्ट नाक्यावरच दिसते आणि आराखड्यात कुठे नसते. अमन लॉजकडून पुढे कितीतरी लोक रस्ता सोडून रेल्वेच्या रुळांवरून चालतात. का? रुळांचा चढ सौम्य आहे, तिथे घोडे नाहीत, धूळ कमी आहे, आणि वाट चुकायची भीती नाही. रुळांवर चालू नका असा फलक लावून हे थांबत नाही. माणसं पायांनी मत देतात. रस्ता रुळांएवढा सोपा झाला तर रूळ ओस पडतील. तोपर्यंत गाडीची शिट्टी आणि सेल्फी काढणारे यांची गाठ पडतच राहणार. मला तर वाटतं, रस्त्याचं काम नीट झालं की नाही हे मोजायला यापेक्षा चांगलं माप नाही. काम झाल्यावर एखाद्या रविवारी रुळांवर किती माणसं दिसतात ते मोजावं.

नाक्यावरचा स्वागताचा प्रकार तर स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे. गाडीचं दार उघडायच्या आत चार माणसं भोवती. साहेब, घोडा, साहेब, सामान, चालत दीड तास, छोटी गाडी बंद आहे. गाडी कधी खरोखर बंद असते, पावसाळ्यात तर नेरळकडचा मार्ग बंदच ठेवतात. पण अमन लॉजची शटल चालू असताना ती बंद असल्याचं सांगितलं गेल्याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की मार्च २०२५ मध्ये गावकऱ्यांनीच माथेरान बंद पुकारला. पर्यटकांची नाक्यावर होणारी दिशाभूल थांबवा, ही त्यांची मागणी. स्वतःच्या वेशीवरच्या वागणुकीसाठी गावाने स्वतःची बाजारपेठ बंद ठेवावी, असं दुसरीकडे ऐकलेलं नाही. यात घोडेवाल्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. त्याचा धंदा अनिश्चित आहे आणि अज्ञान विकणं त्याला परवडतं, कारण ते अज्ञान दूर करणारं तिथे काही नाही.

वाहनतळातून बाहेर पडताच, डोळ्यांच्या उंचीवर, मराठी-हिंदी-इंग्रजीत एक मोठा फलक हवा: बाजारपेठ पायी इतकी मिनिटं, शटल इतक्या वाजता, ई-रिक्षाचं भाडं इतकं, घोड्याचा दर इतका, हमालीचा इतका. त्यावर आमदार-नगराध्यक्षांचे फोटो नकोत. मग दर पाचशे मीटरवर, सावलीत, चिऱ्याचा एक बाक आणि उरलेलं अंतर. दोन ठिकाणी पाण्याचे नळ, माकडांपासून झाकलेले. तीन किलोमीटरमध्ये कुठेही न बसता चालायची ताकद सगळ्यांत नसते, आणि बसायला जागा नसली की म्हातारं माणूस नाक्यावरच घोडा करतं. कमान हवीच असेल तर हरकत नाही, पण वर आधीच झाडांची आहे.

या सगळ्यात खर्चाची मोठी बाब ब्लॉक. त्याला एमएमआरडीएसारखी यंत्रणा पैसे देते, निविदा निघते, फीत कापली जाते. चर उपसायला मात्र कोणी निधी देत नाही, त्याची फीतही कापता येत नाही. आणि या रस्त्याचं सगळं आयुष्य चरांवर अवलंबून आहे: पाणी बाजूला गेलं तर ब्लॉक टिकतील, माती टिकेल, मुळं झाकलेली राहतील, शेवाळ कमी धरेल, घोडा घसरणार नाही. प्रवासी कराची पावती दर माणशी फाडली जाते. त्यातला ठरलेला हिस्सा फक्त दस्तुरी-बाजार रस्त्याच्या चरांसाठी आणि त्यावर बारमाही राबणाऱ्या टोळीसाठी बाजूला काढायचा ठराव नगरपरिषदेच्या एका सभेत होऊ शकतो. टोळीत घ्यायची माणसंही समोर आहेत. हातरिक्षा सुटल्यावर प्रत्येकाला ई-रिक्षाचा परवाना मिळणार नाही. तीन माणसांची रिक्षा जाऊन एका चालकाची येणार, हा साधा हिशेब आहे. उरलेल्या दोघांना या रस्त्याचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक उतार, पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं, हे कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त माहीत आहे. एप्रिलच्या आत त्यांना फावडी आणि पगार मिळाला, तर जूनच्या पहिल्या सरीपर्यंत निम्मं काम उरकलेलं असेल.